तळेगावपर्यंत ताशी साठ

२ ऑक्टोबर, गुरुवार (दसरा)

व्हॅन नवी होती तेव्हाची एक दुपार आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. तशी काही विशेष नव्हती. बारवी धरणाच्या रस्त्याला एका आंब्याखाली यांनी गाडी उभी केली होती. मागच्या सीटवर आमची तीन वर्षांची नात शलाका तोंड उघडं टाकून झोपली होती आणि आम्ही दोघं पुढे बसून उकडलेल्या शेंगा खात होतो. हे शेंग सोलायचे, दाणे माझ्या हातावर ठेवायचे आणि टरफलंही माझ्याच ओटीत टाकायचे. जांभूळच्या पंपाचं काम निघालंय, उद्या पाणी येईल का, एवढंच बोलणं. मी म्हटलं, येईल. ते म्हणाले, नाही येणार. दुसऱ्या दिवशी आलं नाही.

त्या व्हॅनला येत्या डिसेंबरात पंधरा वर्षं होतील. हे निवृत्त झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. क्लास संपायच्या आत व्हॅन दारात आली आणि संक्रांतीच्या आत हायवेला नव्वद. जिद्द म्हणतात ती ही. पुढे बदलापूरला आमच्या मांजर्लीच्या पुरात व्हॅन दोनदा खिडकीपर्यंत बुडाली, दोन्ही वेळा चिखल काढला आणि चालू झाली. हे जाऊन चार वर्षं झाली, पण सीटवर बसलं की अजून यांच्या केसांच्या तेलाचा वास येतो. माझा मुलगा सुजित म्हणतो, तो पुराचा वास आहे.

आज गाडीची आणि डॅशबोर्डवरच्या यांच्या फोटोची पूजा केली. दरवर्षीप्रमाणे माझे धाकटे दीर महिपतीभावजी स्वस्तिक काढायला आले. त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि शलाकाने हात पुढे केला, पण खोबऱ्यासाठी नाही.

"आजोबा, किल्ली."

"कसली किल्ली?"

"गाडीची. सोमवारी लायसन्स आलं पोस्टाने."

सुजित मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "डिसेंबरात कागद संपतायत. रिन्यू करत बसण्यापेक्षा उल्हासनगरला भंगारात देऊ. मी बोललोय एकाशी."

"बाबा, मला हीच चालवायची आहे."

"लग्नानंतर नवऱ्याची चालव."

"आणि त्याच्याकडे सायकल असली तर?"

मनाली, माझी सून, हसली आणि लगेच ताटातली फुलं नीट करू लागली. भावजींनी बोटाचं कुंकू पुसलं. "ही पिढी मोबाईलवर वाढली, वहिनी. अठरा पुरी झाली की यांना स्पीडचं याड लागतं. रविवारी बसून ठरवू."

यांच्या वेळी कुणी बसून ठरवलं नव्हतं. तशी गरजच नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार

आज बैठक झाली. विषय एकच: शलाकाच्या हाती व्हॅन दिलीच, तर हायवेवर सुरक्षित वेग कोणता.

भावजी म्हणाले, ऐंशी. त्याखाली इंजिनात कार्बन साचतो. सुजित म्हणाला, शंभर, नाहीतर मागचे ट्रक चढतात अंगावर. मनाली म्हणाली, चाळीस, आणि तेसुद्धा अंबरनाथच्या पुढे नको. तिघंही आपापल्या आकड्याला चिकटून बसले. शेवटी मला मिशनच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या सिस्टर आठवल्या. मतं जुळली नाहीत तर भांडू नये, सरासरी काढावी, असं त्या डबा खाण्याच्या सुट्टीतसुद्धा सांगायच्या. मी कागदावर काढली. त्र्याहत्तर पूर्णांक एक तृतीयांश.

सगळ्यांना पटलं. कुणाचाच आकडा नव्हता म्हणून असेल.

"मी साठने चालवीन," शलाका म्हणाली. "गाडी जुनी आहे, टायर जुने आहेत. ब्रेक लागायला वेळ लागतो."

भावजींना हसताना ठसका लागला. "साठ? अगं, साठने तर बदलापूरची रिक्षा जाते, सहा माणसं घेऊन. सुदामदादाने जन्मात कधी काट्याकडे बघितलं नाही."

हे खरं आहे. माझा ऊर भरून आला. शलाका मात्र माझ्या खांद्याकडे बघत होती.

ठराव असा झाला, की सध्या तिने गावातल्या गावात चालवावी आणि शेजारी जबाबदार माणसाने बसावं. जबाबदार माणूस म्हणजे मी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मी आणि शलाका वांगणीला जाऊन आलो. वांगणीला माझी नणंद वेणूबाई राहते. तिच्या लेकीचं, अक्षदाचं लग्न ठरलंय, तीस नोव्हेंबर, तळेगावला. मुलगा तिथलाच.

शलाकाचं चालवणं मला खरं तर कंटाळवाणं वाटलं. बकऱ्या आडव्या आल्या, थांबली. शाळेची पोरं आली, थांबली. एका म्हातारीने नुसता हात हलवला, तरी थांबली. म्हातारी डास मारत होती. मी तिला म्हटलं, "बाळा, जरा धीट हो. तुझे आजोबा कसे झोकात चालवायचे." ती म्हणाली, "मला आठवतं, आजी. मी मागच्या सीटखाली लपायचे." लहान मुलांना लपाछपीचा नाद असतोच.

पुढे नेरळजवळचं ते वळण सांगायची इच्छा झाली, पण तिला घाबरवायचं नव्हतं. तिथे एकदा आमची व्हॅन आडवी झाली होती. डाव्या खांद्यात तेव्हा बसवलेली स्टीलची पट्टी थंडीत ठणकते. पण त्यात यांचा दोष नव्हता. वळणच तिथे नको होतं. मला स्ट्रेचरवर घालताना हे म्हणाले होते, "घाबरू नको, गाडी चालू होतेय." किती काळजी.

वेणूबाईने वरण-भात वाढता वाढता डोळे पुसले. "वहिनी, सुदामदादा नाही. आता महिपतीदादाच एकटा मामा. त्याने वेळेत यायला पाहिजे."

आमच्यात मामा नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो. तो आल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी भावजींचा भाव नवऱ्यापेक्षा जास्त असणार, हे भावजींना आमच्याही आधी कळलं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पंचाईत झाली. सुजितच्या गाडीत मनालीचे आईवडील आणि आहेराच्या बॅगा. रुखवत न्यायला व्हॅनच हवी, त्यातच भावजी, मी आणि रुखवत करणारी माझी बालमैत्रीण कुंदा. चालवणार कोण? भावजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे. ड्रायव्हर मिळेना. नगरपालिकेच्या निवडणुकीत गावातले सगळे ड्रायव्हर प्रचाराच्या गाड्यांवर. एक जण तर म्हणाला, "काकी, वीस दिवस साहेबांचा फोटो फिरवतोय, सुट्टी मिळंल तं बघतो."

उरली शलाका. भावजींनी खूप वेळ विचार केल्यासारखं केलं.

"चालव. पण एक अट. मुहूर्ताच्या आधी तळेगावला पोचवलंस, तर गाडीही तुझी आणि किल्लीही तुझी. नाही पोचवलंस, तर सुजित म्हणतो तसं भंगार, आणि परत गाडीचं नाव काढायचं नाही."

"चालेल," सुजित म्हणाला.

"माझीपण एक अट," शलाका म्हणाली. "नवे टायर. टायरवर वर्ष छापलेलं असतं, आजोबा. हे कुठल्या काळातले आहेत ते येऊन बघा."

"टायर काय दूध आहे, नासायला?"

पण शेवटी आणतो म्हणाले. उल्हासनगरला त्यांची ओळख आहे.

रात्री पानं घेताना शलाका माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, मला दुसरं काही नको. माझ्या ताब्यात एक तरी गोष्ट चालावी, एवढंच मला हवंय." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या वयात आम्हाला असलं काही हवं असायचं का? मला आणि कुंदाला हवे होते ते सिस्टरांच्या टेबलावरचे रंगीत खडू.

९ नोव्हेंबर, रविवार

भावजी उल्हासनगरहून आले. तिथल्या तीन नंबर कॅम्पातल्या त्यांच्या ओळखीच्या सिंधी दुकानदाराने सगळं एकाच ठिकाणी दिलं: लाल मखमली सीटकव्हरं, मागे घेताना आरती वाजते असा हॉर्न, आणि टायर. टायर दोनच. तेही रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर वरून नवा रबरी पट्टा चढवलेला.

"साईं बोला, एकदम नया माल के जैसा. भंगारात जाणाऱ्या गाडीला कोरे टायर घालायला आपण काय वेडे आहोत का, वहिनी?"

मला पटलं. आणि सीटकव्हरं खरंच सुंदर आहेत. यांना लाल रंग आवडायचा.

शलाकाने टायरवरून हात फिरवला, पट्ट्याच्या कडेला नख लावून बघितलं. "के जैसा," ती एवढंच म्हणाली. मग गॅरेजवाल्याला सांगून दोन्ही मागच्या चाकांना बसवले आणि घासलेल्यांतला बरा होता तो स्टेपनीला ठेवला. भावजी रुसले. त्यांना नवे टायर पुढे, लोकांना दिसतील असे हवे होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

विशेष काही नाही. मी रोज तुळशीला पाणी घालते, तशी शलाका रोज खाली जाऊन टायरची हवा बघते. मी म्हटलं, "देवाचं नाव घेत जा."

"घेते ना. पण हवा मीच भरते."

भावजींनी आज पुढे लिंबू-मिरची बांधली, मागे काळी बाहुली, आणि आत शनीचा स्टिकर. गाडी आता सर्व बाजूंनी सुरक्षित झाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कुंदा अंबरनाथहून रुखवत घेऊन आली. ती आणि मी पहिलीपासून एका बाकावर. दुसऱ्या बायका लाडू-करंज्यांचे मनोरे करतात. कुंदाने साखरेच्या क्यूबचं अंबरनाथचं शिवमंदिर केलंय. खांब, नंदी, पायऱ्या, सगळं. तीन आठवडे मुंग्यांशी लढत होती.

"शिखर कुठाय?" भावजींनी विचारलं.

"खऱ्या देवळालाही पुरतं नाही. वर थोडं ठेवलंय, तेवढंच."

"मग लोक म्हणतील, गाडीत पडलं."

"सांगा, शेकडो वर्षांपूर्वीच पडलं."

प्रयोग म्हणून देऊळ कुंदाच्या मांडीवर ठेवून शलाकाने आम्हाला कर्जत रोडला फिरवून आणलं. भावजी पुढे बसले होते. साठपर्यंत देऊळ शांत होतं. भावजींच्या आग्रहाखातर रिकाम्या रस्त्यावर ती सत्तरला गेली, तर व्हॅन थरथरायला लागली आणि नंदीचं शिंग गेलं.

कुंदा म्हणाली, "साठच्या वर काटा जायचा नाही. नाहीतर मी देऊळ घेऊन एसटीने जाते."

भावजींनी लगेच सुजितला फोन करून सांगितलं, की सर्वानुमते वेग साठ ठरला आहे. शलाका साठ म्हणाली तेव्हा आम्ही हसलो होतो. साखरेचं देऊळ म्हणालं तेव्हा ठराव बदलला. शलाका आरशात बघून गालातल्या गालात हसत होती. मुलींचं मन या वयात कशानेही प्रसन्न होतं.

१ डिसेंबर, सोमवार

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहिते.

मुहूर्त साडेबाराच्या आसपासचा. आम्ही सातला बदलापूर सोडलं. शलाका चालवायला, भावजी शेजारी, फेटा आतापासूनच बांधलेला. मागे मी आणि कुंदा, आणि कुंदाच्या मांडीवर देऊळ. कर्जत, खोपोली अगदी मजेत गेलं. सुजित उशिरा निघून कर्जतच्या आधीच आम्हाला मागे टाकून गेला. मनालीने काचेतून हात केला.

घाटात एक कंटेनर बंद पडला होता. गाड्या मुंगीसारख्या. भावजी दर वळणावर घड्याळ बघत होते. लोणावळ्याला पोचायला अकरा वाजून गेले. तिथे चिक्कीच्या दुकानासमोर सुजितची गाडी उभी. तोही त्याच घाटात अडकला होता, आमच्या पाच मिनिटं आधी पोचला होता.

भावजी खाली उतरले, दोन्ही गाड्यांभोवती फिरून आले. "सुजित, देऊळ तुझ्या गाडीत घे. एसी आहे, गाडी मोठी आहे. कुंदाताई, द्या इकडे."

कुंदाने नाइलाजाने दिलं. मनालीच्या आईच्या मांडीवर टॉवेल घालून देऊळ ठेवलं, आणि सुजित गेला.

भावजी परत आपल्या सीटवर बसले, दार ओढलं आणि शलाकाला म्हणाले, "आता गाडीत नाजूक काही उरलं नाही. दाब."

"मी आहे ना," कुंदा म्हणाली.

"तुम्हाला काय होतंय? तुम्ही मिशनरी शाळेच्या."

शलाकाने गाडी काढली. काटा साठवर गेला आणि तिथेच राहिला. जुन्या हायवेला रस्ता मोकळा, सरळ. मागून गाड्या दिवे मारत होत्या. एका बाईकवर तिघं बसलेले, आमच्या बरोबरीला आले आणि मधला ओरडून म्हणाला, "ए दीदी, धक्का मारू क्या?"

भावजींची मान लाल झाली. "ऐकलंस? लोक हसतात. अगं, वऱ्हाड खोळंबलंय, मामा रस्त्यात आहे. ऐंशी कर."

"आजोबा, गाडी सत्तरला थरथरते. तुम्हीच बघितलंत."

"ते देवळासाठी होतं."

मलाही राहवेना. वेणूबाईचे दोन फोन येऊन गेले होते. मी पुढे वाकून म्हटलं, "बाळा, जरा. मामाशिवाय मुलगी बोहल्यावर यायची कशी? तुझे आजोबा असते तर एव्हाना पोचवलं असतं."

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, की ऊन होतं, कळलं नाही. "आत्याआजीला फोन कर, आजी. सांग, येतोय." काटा होता तिथेच.

"झालं," भावजी म्हणाले. "गेली तुझी गाडी. मी उद्याच भंगारवाल्याला बोलावतो."

"बोलवा," ती म्हणाली. पण पाय हलवला नाही.

कामशेतच्या अलीकडे मागून ताशा वाजल्यासारखा आवाज यायला लागला. मी म्हटलं, कुणाची तरी वरात असेल. मग एक मोठा धडाका झाला आणि व्हॅनचं मागचं अंग एका बाजूला गेलं, मग दुसऱ्या बाजूला. कुंदा माझ्यावर आली, मी दारावर गेले. भावजी डॅशबोर्ड धरून ओरडत होते, "ब्रेक मार! अगं, ब्रेक मार!" शलाका मोठ्या माणसाचं ऐकतच नव्हती. तिने पाय उचलून घेतला होता आणि दोन्ही हातांनी चाक धरून नुसती समोर बघत होती. व्हॅन दोन-तीनदा शेपटी हलवून हळू झाली, आणखी हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. आमच्या अगदी जवळून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. त्याच्या वाऱ्याने व्हॅन हलली.

 मी यांचं नाव घेतलं. यांनीच वाचवलं, असं मला तेव्हा वाटलं.

शलाकाने आम्हाला उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे उभं केलं. मागे जाऊन लाल त्रिकोण ठेवला. तेव्हा मला दिसलं, रस्त्याच्या मधोमध टायरवरचा तो नवा पट्टा पडला होता, केळ्याच्या सालीसारखा. शंभराने येणाऱ्या गाड्या त्याला बघून ऐनवेळी वाकड्या होत होत्या. एक तर अगदी कठड्याला घासून गेली.

भावजींनी उल्हासनगरला फोन लावला. त्यांना हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे फोन स्पीकरवर लागला.

"साईं, ये क्या माल दिया?"

"सेठ, मैंने तो बोला था, लोकल में चलाओ. हायवे पे मत ले जाना. बोला था कि नहीं?"

त्यानंतर भावजींचं नेटवर्क गेलं.

शलाका जॅक लावून खाली बसली होती, लग्नाच्या कपड्यांत. काढलेले नट कुंदा पदरात धरून उभी होती.  चाक बसताना दोनदा निसटलं, तेव्हा शलाका तिथेच कपाळ टायरला टेकवून थोडी बसली आणि मग तिसऱ्यांदा बसवलं.

कुंदा माझ्या बाजूला आली. हळू आवाजात म्हणाली, "नली, आज काट्यावर नव्वद असते तर?"

मी म्हटलं, "ते असते तर," आणि पुढचं वाक्य मला सुचलं नाही.

स्टेपनीवर शलाकाने पन्नासच्या वर नेलीच नाही. तळेगावच्या हॉलवर आम्ही सव्वा वाजता पोचलो. भावजी फेटा सावरत धावत आत गेले आणि धावतच बाहेर आले. मुहूर्त टळून गेला होता, पण नवरदेव आलाच नव्हता. तो हॉलपासून दोनशे पावलांवर घोड्यावर होता आणि त्याच्या पुढे त्याचे मित्र, आत्या, आत्यांचे मिस्टर सगळे डीजेवर नाचत होते. अर्धा तास झाला, एक तास झाला. गुरुजींनी वाट बघत दोनदा चहा घेतला. मी त्यांना म्हटलं, मुहूर्ताचं काय? ते म्हणाले, "मुलाकडचे दमले की मुहूर्त लागेल."

सव्वादोनला ते दमले. भावजींनी अक्षदाला हाताला धरून अशा रुबाबात आणलं, की व्हिडिओवाल्याने त्यांना परत एकदा आणायला लावलं. जेवताना ते मुलाच्या काकांना सांगत होते, "टायर फुटला, पण मी शेजारी होतो. पोरगी घाबरली होती, मी सूचना देत गेलो."

देवळाचं म्हणाल, तर सुजितने टोलनाक्याला जोरात ब्रेक मारला होता. मनालीने जे उरलं ते स्टीलच्या पातेल्यात भरून रुखवताच्या टेबलावर ठेवलं. मुलाची आई येऊन बघून गेली आणि म्हणाली, "साखरसुद्धा मांडली, छान आहे तुमच्याकडची पद्धत." 

निघताना सुजितने विचारलं, "मग काका, व्हॅनचं काय?"

"नियम म्हणजे नियम. मुहूर्ताच्या आधी, असं ठरलं होतं. सव्वा वाजला होता."

सुजितने तिथूनच फोन केला. शनिवारी उल्हासनगरचा माणूस येऊन गाडी नेईल. शलाकाने ऐकलं, किल्ली वडिलांपुढे धरली. सुजित म्हणाला, "आता लगेच नको, घरी तर ने." तेवढ्यासाठी ती तिच्याकडे राहिली.

परत येताना भावजी सुजितच्या गाडीत बसले. म्हणाले, त्याच्याशी गप्पा मारायच्या आहेत.

४ डिसेंबर, गुरुवार

थंडी पडलीय, खांदा ठणकतोय. सकाळी शलाका तेल चोळून देत होती. चोळता चोळता तिने विचारलं, "आजी, नेरळला तेव्हा काटा कितीवर होता?"

मी म्हटलं, "यांनी कधी काट्याकडे बघितलं नाही."

 तिने तेलाची वाटी ठेवली, हात धुतले आणि खाली गेली. मी खिडकीतून बघितलं. परवा भंगारात जाणाऱ्या गाडीची हवा तपासत होती.

 मग मी कपाट उघडून गाडीचे कागद काढले. हे गेल्यावर व्हॅन माझ्या नावावर झाली, ते घरात सगळेच विसरले होते. मीसुद्धा. ठराव झाले, अटी झाल्या, भंगारवाला ठरला, आणि गाडीच्या मालकिणीला कुणी विचारलं नाही, कारण मालकीण सरासरी काढत बसली होती.

दुपारी मी स्वतः त्या उल्हासनगरच्या माणसाला फोन केला. म्हटलं, येऊ नका. तो म्हणाला, "क्या हुआ, आंटी, बच्ची ने फोड़ दी?" मी म्हटलं, बच्चीने वाचवली. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, की सुजित चिडेल, भावजी दोन दिवस यायचे नाहीत. पण बोलताना माझा आवाज कापला, तर एखादी गोष्ट राहून जाईल. म्हणून इथे लिहून ठेवते. हे माझ्यामागेही लागू आहे आणि माझ्यादेखतही.

व्हॅन शलाकाची. कागद नव्याने करायला कल्याणच्या आरटीओत तिच्याबरोबर मी जाईन. तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या माझ्या पाटल्या मोडून पाच टायर आणावेत, स्टेपनीसकट, कोरे, आणि ते आणायला तिनेच जावं. लग्नात हात रिकामे दिसले तर दिसू देत.

चालवायची सीट तिची एकटीची. तिच्याशिवाय जो कुणी तिथे बसेल, त्याने आधी तिला विचारावं. सुजितनेसुद्धा.

खिडकीजवळची मागची जागा कुंदाची, देऊळ असो वा नसो. आता गाडीत नाजूक तीच.

सुजितला पुढची जागा नाही. त्याने मागे बसावं आणि आरशात एकदा बघून घ्यावं, लेक त्याच्याकडे कशी बघते.

महिपतीभावजींना मागची मधली जागा, कायमची. तिथून काटा दिसत नाही आणि सूचना पुढे पोचत नाहीत.

पुढची शेजारची सीट मी मनालीला देते. इतकी वर्षं मी तिथे बसले आणि दर वळणाला उजवा पाय दाबत आले. मनाली, तिथे ब्रेक नाही, कितीही दाबलास तरी. लेकीशी बोल, म्हणजे पायाला आराम पडेल.

यांचा डॅशबोर्डवरचा फोटो मात्र मला हवा. तो काढून माझ्या उशाशी भिंतीला लावावा. समोर रस्ता दिसला, की हे घाई करतील.